रेशमाला काही लागत नाही

कल्पना करा, तुमची आई तुमच्यापासून फक्त चव्वेचाळीस पायऱ्या दूर आहे. ती गावाला गेलेली नाही. रागावलेली नाही. आजारीही नाही. सकाळी गच्चीच्या कठड्याशी उभी राहून ती केस विंचरते, तेव्हा खालून तिचा हात दिसतो. हाक मारली तर ती ओ देते. पण त्या चव्वेचाळीस पायऱ्या तुम्ही चढायच्या नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले चौदा दिवस. करा बरं कल्पना. जमतंय का?

सावनीला तर कल्पना करायचीही गरज नव्हती. हे सगळं तिच्याच घरात चाललं होतं.

सावनी आठ वर्षांची. चेन्नईत, अण्णा नगरात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिचं घर. बाबा, म्हणजे गंधार, मूळचे कराडचे. रोज पहाटे कंपनीच्या बसनं ते ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात जात. आई, कीर्ती, तंजावरच्या मराठी घरातली. घराजवळच्याच एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स होती. आणि घरात आईची आत्या होती, अन्नपूर्णाबाई. आईला लहानाचं मोठं त्यांनीच केलं होतं, म्हणून आता त्या इथंच राहायच्या. सावनी त्यांना आत्याआजी म्हणायची.

सावनीला एक जुनं दुखणं होतं. आपल्या पोटात पाठीकडच्या बाजूला दोन मूत्रपिंडं असतात आणि ती रक्त गाळतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. सावनीची ही गाळणी मधूनमधून बिघडायची. मग सकाळी तिचे डोळे सुजायचे, पाय भरून यायचे. त्यावर तिला रोज गोळ्या होत्या. गोळ्यांनी सूज उतरायची, पण त्या आणखी एक काम करायच्या. रोगजंतूंशी लढणारे जे पहारेकरी आपल्या अंगात असतात, त्यांना त्या झोपवून ठेवायच्या. वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाला कांजिण्या झाल्या, तर तो आठ दिवस खाजवत बसेल आणि परत खेळायला लागेल. सावनीच्या मात्र त्या जिवावर बेतल्या असत्या. आणि गोळ्या चालू असेपर्यंत तिला कांजिण्यांची लसही देता येत नव्हती.

रोज सकाळी आई सगळ्यात आधी सावनीच्या नडगीवर अंगठा ठेवायची. हलकेच दाबायची, थोडा वेळ तसाच धरायची आणि सोडायची. खळगा राहिला तर सूज आहे. नाही राहिला तर नाही.

"नाही राहिला," आई म्हणायची, आणि मगच दोघींचा दिवस सुरू व्हायचा.

मग ही आई गच्चीवर कशी गेली? ते नीट ऐका.

आईच्या वॉर्डात निधी नावाची पाच वर्षांची मुलगी होती. पाय मोडलेला, प्लास्टर घातलेलं. आईच्या रात्रपाळीला ती कोणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवल्याशिवाय झोपेना. आई दोन रात्री तिच्यापाशी बसली, तिला दहीभात भरवला. तिसऱ्या दिवशी निधीच्या पोटावर पाण्यानं भरलेले फोड दिसले. कांजिण्या! आणि कांजिण्यांची लबाडी अशी, की अंगावर फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या दुसऱ्याला लागू शकतात.

त्या इस्पितळात जननी नावाची एक नर्स होती. सगळे तिला जननी अक्का म्हणत. तिचं काम औषधं देण्याचं नव्हतं. एका रोग्याचा आजार दुसऱ्याला किंवा डॉक्टर-नर्सना लागू नये, एवढंच तिनं बघायचं. खाटेपाशी जाताना आणि तिथून येताना हात धुतले का, मास्क नाकावर आहे की हनुवटीवर, वापरलेली सुई तिच्या डब्यात गेली का, सगळं ती बघायची. वॉर्डातल्या नव्या मुली तिला जरा टरकून असत. पण तिचा एक नियम सगळ्यांना पाठ होता: "चूक कोणाकडूनही होते. ज्या दिवशी होईल त्याच दिवशी मला सांगा. सांगणाऱ्याला मी ओरडत नाही."

त्या सकाळी जननी अक्कानं निधीची खोली वेगळी केली, दार बंद ठेवायला लावलं आणि आधीच्या दोन दिवसांत त्या खोलीत कोण कोण गेलं त्याची यादी केली. यादीत आई होती.

"कीर्ती, तुला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात ना? नोकरीला लागलीस तेव्हा फॉर्मवर 'हो' लिहिलंयस."

"झाल्यात अक्का. आत्यांनी सांगितलंय."

"तुझ्या आत्या डॉक्टर आहेत?"

"नाही हो."

"मग हात पुढे कर. रक्त तपासू."

एकदा कांजिण्या होऊन गेल्या की रक्तात त्यांना ओळखणारे शिपाई कायमचे राहतात, आणि त्या माणसाला त्या सहसा परत होत नाहीत. आईच्या रक्तात असा एकही शिपाई सापडला नाही.

"असें कसें होईल?" आत्याआजी घरी म्हणाल्या. तंजावरच्या जुन्या वळणाचं मराठी त्या बोलायच्या. "पांच वर्षांची होती कीर्ती. अंगभर पुरळ. देवीअम्मा आली घरांत म्हणून दारीं कडुलिंबाचा डहाळा मीं माझ्या हातानें बांधिला. दहा दिवस फोडणी नाहीं दिली घरांत!"

"पण आत्या, तो पुरळ कसला होता?" बाबांनी विचारलं. "गोवर असेल. कांजिण्याच कशावरून?"

"देवी घरीं आली तर तिला नांव विचारायचें असतें काय हो, जांवईबापू? वैद्यास दाखवायची रीतच नव्हती."

अशी ती गोष्ट झाली होती. घरात जे सगळे म्हणायचे, ते आईनं खरं मानलं आणि फॉर्मवर "हो" लिहिलं.

जननी अक्कानं हिशोब सांगितला. निधीपाशी बसल्यानंतर पहिले सात दिवस आईपासून कोणालाच धोका नाही. आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत मात्र आईला कधीही कांजिण्या होऊ शकतात, किंवा होणारही नाहीत. ते चौदा दिवस वॉर्डात यायचं नाही, कारण तिथं अशक्त मुलं आहेत. आणि घरी सावनीच्या जवळ जायचं नाही.

घरमालकांची गच्चीवर एक खोली होती, वाळवणाची भांडी आणि जुन्या खुर्च्या ठेवायची. बाबांनी ती झाडून घेतली, खाट टाकली. आठव्या दिवशी सकाळी आईनं सावनीच्या नडगीवर अंगठा ठेवला, नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ ठेवला, आणि मग पिशवी घेऊन वर गेली.

बाबांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. कपाळावर व्रण होता. आत्याआजींनाही झाल्या होत्या, त्यांची तर रक्ततपासणीही करून घेतली होती. त्यामुळे डबा घेऊन बाबा वर जात, आत्याआजी वर जाऊन गप्पा मारून येत.

"म्हणजे बंदी फक्त मलाच?" सावनीनं विचारलं.

"फक्त तुलाच."

"हे बरोबर नाही."

"नाहीच मुळी," बाबा म्हणाले. त्यांनी उगाच समजूत घातली नाही. "चला, राणीसरकारांचा डबा द्या. आज काय आहे? पुन्हा सांबारच? आत्या, कधीतरी आमटी करा की."

"आमच्या राजांच्या मुदपाकखान्यांत सांबार झालें तेव्हां तुमच्या कऱ्हाडास आमटी ठाऊक तरी होती काय?" आत्याआजी म्हणाल्या.

सगळे हसले. सावनीही हसली. पण हसून झाल्यावर बाबांच्या पावलांचा आवाज जिन्यात वर वर जात राहिला, आणि ती दारात उभी राहून तो मोजत राहिली. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मग कडी वाजली. मग आईचा आवाज आला, शब्द न कळणारा.

संध्याकाळी फोनवर आई दिसायची. ती गोष्ट सांगायची, पाढे विचारायची, गोळी घेतलीस का विचारायची. फोन ठेवला की सावनीला वाटायचं, आई होती त्यापेक्षा जास्त लांब गेली. सकाळी बाबा तिची नडगी दाबत. त्यांचा अंगठा कारखान्यातला, खरखरीत.

"दुखतंय!"

"बरं, हळू दाबतो."

"आता कळतच नाहीये दाबलंय ते."

आईचा अंगठा कसा असतो, हे तिला सांगता येईना. सांगता येत नाही अशा गोष्टींचीच माणसाला फार आठवण येते.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, बुधवारी, सावनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसली होती. आत्याआजी सोवळ्यात स्वयंपाक करत होत्या. सोवळं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. आत्याआजी रोज आंघोळ करून रेशमी लुगडं नेसायच्या आणि देवाला नैवेद्य दाखवून होईपर्यंत कोणाला शिवायच्या नाहीत. ते लुगडंही रात्री उंच दांडीवर, काठीनं टाकलेलं असायचं, कोणाचा हात लागू नये म्हणून. ही त्यांची लहानपणापासूनची रीत. पटो न पटो, घरात सगळे ती सांभाळत.

"आत्याआजी, मी आता तुला हात लावला तर?"

"तर मज पुन्हां न्हावें लागेल. सुती झगा आहे तुझा. दूर बैस."

"आणि मी रेशमी परकर घालून आले तर?"

"तर चालेल कीं. रेशमास कांहीं लागत नाहीं."

सावनी पुढे सरकली. "काहीच लागत नाही?"

"कांहीं नाहीं गे."

"कशाचंच?"

"कशाचेंच नाहीं. काय वकील आहेस काय? ऊठ, पान मांड."

सावनी उठली, पण तिचं पान मांडण्याकडे लक्ष नव्हतं. इतकी सोपी गोष्ट, आणि कोणालाच कशी सुचली नाही? जननी अक्काला तर रेशमाचं माहीतच नसणार.

दुपारी बाबा ओरगडमला होते. आत्याआजी जेवून आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या. सावनीनं कपाटातून पोंगलच्या सणाला शिवलेलं रेशमी परकर-पोलकं काढलं, अंगावर चढवलं, मागची बटणं जमली तेवढी लावली. दांडीजवळची काठी उचलली. मग ती चव्वेचाळीस पायऱ्या चढली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, रेशीम सळसळू नये म्हणून परकर मुठीत धरून.

गच्चीच्या दाराची कडी तिच्या हाताच्या फार वर होती. तिनं काठीच्या टोकानं ती उचलली.

बाहेर ऊन होतं. खोलीचं दार वाऱ्यासाठी उघडं होतं आणि आत, खाटेवर, आई झोपली होती. एका कुशीवर, एक हात उशीखाली, दुसरा मोकळा. पंखा फिरत होता. खाटेखाली आईची चप्पल होती, तिचा अंगठा बसून बसून खोलगट झालेली.

सावनीला आईला उठवायचं होतं. वर येताना तिनं ठरवलं होतं, "आई, बघ, रेशीम!" असं म्हणायचं. पण आईला उठवलं आणि आई "जा" म्हणाली तर? म्हणून ती काही बोलली नाही. तिनं काठी दाराशी टेकवून ठेवली आणि खाटेच्या कडेवर, आईच्या मोकळ्या हाताखाली, हळूच आडवी झाली.

आईला साबणाचा वास येत होता, गच्चीच्या तापलेल्या सिमेंटचा येत होता, आणि त्या दोन्हींच्या खाली आईचा. सावनीनं ठरवलं, शंभर आकडे मोजायचे आणि उठायचं. तिसावर आईनं झोपेतच तिला जवळ ओढलं. साठावर आईचा श्वास तिच्या केसांत यायला लागला. नव्वदापासून तिनं आकडे फार सावकाश मोजले. नव्याण्णवावर ती इतकी थांबली, की पुढचा आकडा येतो हे विसरल्यासारखंच केलं तिनं.

मग तिनं शंभर म्हटलं. आईचा हात उचलून उशीवर ठेवला. काठी घेतली, बाहेर आली, कडी लावली आणि खाली गेली. आत्याआजी घोरतच होत्या.

संध्याकाळी फोनवर आई म्हणाली, "आज मला काय स्वप्न पडलं ठाऊक आहे? तू आली होतीस. अगदी कुशीत होतीस. जाग आली तेव्हा हात अवघडला होता माझा." आणि ती हसली.

सावनीच्या ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "मग?"

"मग काही नाही. नऊ दिवस राहिले, बाळा."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सावनी कोणाशी भांडली नाही. बाबांच्या अंगठ्याबद्दलही तक्रार केली नाही. तिच्याजवळ काहीतरी होतं, आणि ते कोणाला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आईचा फोन आला. बाबा निघायच्या तयारीत होते, ते थांबले. आईला ताप होता. आणि मानेवर, कानामागे, पाण्यानं भरलेले चार फोड.

बाबांनी जननी अक्काला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. जननी अक्का तमिळमध्ये भराभर बोलत होती. कीर्तीला मास्क लावून घेऊन या, मागच्या दारानं, तिथं मी उभी असेन. मोठ्या माणसांना जास्त त्रास होतो, तेव्हा डॉक्टर आजच बघतील. मग तिनं विचारलं, "गेल्या दोन दिवसांत तिच्याजवळ कोण गेलं होतं?"

"मी आणि आत्या. दोघांनाही होऊन गेल्यात."

"सावनी?"

"नाही. ती खालीच असते. नाही ना गं, सावनी?"

"माझ्या डोळ्यांपुढून हालली नाहीं मुलगी," आत्याआजी म्हणाल्या.

बाबा सावनीकडे बघत होते. सावनीनं मान हलवली. नाही.

"बरं झालं," जननी अक्का म्हणाली. "गेली असती तर तिला एक इंजेक्शन द्यावं लागलं असतं. तयार शिपाई असतात त्यात, उसने. पण ते चार दिवसांच्या आत द्यायचं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. उशीर झाला तर उसने शिपाई येऊनही उपयोग कमी. तर ती गेलेली नाही, हो ना? बरं. मी दाराशी आहे."

बाबा आईला घेऊन गेले. सावनी खिडकीत उभी होती. रिक्षात बसताना आईनं वर बघितलं. मास्कवर फक्त डोळे होते, तापानं लाल झालेले. आईनं हात केला. रिक्षा वळली.

सावनी तिथंच उभी राहिली. ती खोटं का बोलली? इंजेक्शनची भीती होती, हे खरं. आत्याआजींना बोलणी बसतील, हेही खरं. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. ते शंभर आकडे तिचे होते. सांगितलं की ती चूक होणार. मग तिच्याजवळ काय उरणार? आणि शिवाय, तिनं स्वतःला सांगितलं, मी रेशीम घातलं होतं. रेशमाला काही लागत नाही.

आत्याआजी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या. सगळं घर विस्कटलं तरी देवाचा नैवेद्य चुकत नाही. त्यांनी रेशमी लुगडं नेसलं आणि सांबाराच्या पुडीसाठी कढईत सुक्या मिरच्या परतायला घेतल्या. लक्ष ठिकाणावर नव्हतं, मिरच्या करपल्या. धूर उठला. उंबऱ्याबाहेर बसलेल्या सावनीला जोराचा ठसका लागला. आणि आत, शेगडीपाशी, आत्याआजींना तिच्याहून मोठा लागला. त्या खोकत खोकत भिंतीला टेकल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी लुगड्याचा पदर नाकाला घट्ट लावला, तरी खोकला थांबेना.

सावनी बघत राहिली.

"आत्याआजी, तू रेशीम नेसलीयस."

"मग?"

"मग तुला ठसका कसा लागला?"

"ठसक्यास रेशीम काय करील गे? तो वाऱ्यानें येतो. श्वास घेतला कीं आंत."

"आणि कांजिण्या? त्या कशानं येतात?"

आत्याआजींनी शेगडी बंद केली. खिडकी उघडली. पदरानं धूर बाहेर घालवला.

"वाऱ्यानेंच, म्हणे. जननीनें कीर्तीस फोनवर सांगितलें, तें मीं ऐकिलें. खोलींत नुसता श्वास घेतला तरी पुरें." त्या पाटावर बसल्या. आवाज बारीक झाला होता. "मज ठाऊक नव्हतें गे, कीर्तीस तेव्हां काय झालें होतें तें. ठाऊक नाहीं, असें म्हणायचें होतें मीं. लाज वाटली. मुलीस वाढविलें आणि एवढेंही ठाऊक नाहीं, असें कसें म्हणूं? 'झाल्या' म्हणून मोकळी झालें. आतां ती तापानें फणफणली आहे. तेव्हांच खरें सांगितलें असतें तर तिनें लस घेतली असती."

सावनीला आठवलं, आईचा श्वास तिच्या केसांत येत होता. आणि तिचा स्वतःचा श्वास, तोही तिनं तिथलाच घेतला होता. शंभर आकडे होईपर्यंत. शेवटचे दहा तर फार सावकाश.

तिनं बोटांवर मोजलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चार दिवस झालेले नव्हते.

आत्याआजींचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता. सावनीनं खुर्ची ओढली, वर चढली, फोन घेतला. जननी अक्काच्या नावापुढे तिचा पांढऱ्या कपड्यातला फोटो होता. सावनीनं तो दाबला, आणि पलीकडून "हॅलो" पुरतं व्हायच्या आत बोलायला लागली.

"अक्का, मी सावनी. मी मघाशी खोटं बोलले. बुधवारी दुपारी मी वर गेले होते. आई झोपली होती, तिला माहीत नाही. मी तिच्या कुशीत झोपले होते."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

सावनीनं डोळे मिटून घेतले.

"किती वाजता?" जननी अक्कानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"दुपारी. आत्याआजी झोपल्यावर. तीन वाजता."

"आता ताप आहे? अंगावर काही?"

"नाही."

"छान. अजून दोन दिवसही पुरते झालेले नाहीत. वेळेत सांगितलंस. आता ऐक: मास्क लाव, तुझी गोळ्यांची फाईल घे आणि आत्याआजींना घेऊन मागच्या दाराशी ये. पुढच्या दारानं नाही, तिथं दुसरी मुलं असतात. मी उभी आहे."

"अक्का, आई रडेल का?"

"रडेल. मग थांबेल. ये लवकर."

सावनी खुर्चीवरून उतरली. तिनं कपाटातून आपली फाईल काढली, मास्क लावला, नाकावरची पट्टी आईनं शिकवली होती तशी दोन्ही बोटांनी दाबून बसवली. दारात जाऊन चपला घातल्या, आत्याआजींच्या चपला सरळ करून ठेवल्या, आणि हाक मारली, "आत्याआजी, चल. मला इंजेक्शन घ्यायचंय."